हेमिस राष्ट्रीय उद्यान : मार्खा खोऱ्याची वाट आणि निमलिंगच्या आधीचा मुक्काम

अंजनेरीचा वाटसरू :

आपल्या नाशिकमधील ट्रेकर मंडळी आता लडाखला केवळ गाडीतून सरोवरे पाहायला न जाता हेमिस राष्ट्रीय उद्यानातून पाठीवर सॅक घेऊन चालत जाऊ लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद होतो. मात्र गेल्या काही महिन्यांत मार्खा खोऱ्याचे जे आराखडे माझ्याकडे पाहण्यासाठी आले, त्यांपैकी बहुतेकांमध्ये एकच दोष आढळला आणि तो गंभीर असल्यामुळे हा धागा सुरू करत आहे. विमानाने लेह, एक दिवस विश्रांती आणि त्यानंतर चार दिवसांत संपूर्ण खोरे पार करणे, असा तो आराखडा असतो.

ज्यांना या भागाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. १९८१ साली स्थापन झालेले हेमिस हे क्षेत्रफळाने भारतातील सर्वांत मोठे राष्ट्रीय उद्यान आहे; सुमारे ४,४०० चौरस किलोमीटर. लेहच्या दक्षिणेला, सिंधू आणि झंस्कार या दोन नद्यांच्या मधल्या डोंगराळ प्रदेशात ते पसरलेले असून मार्खा, रुंबक आणि सुमदा ही खोरी त्यात येतात. उद्यानाच्या हद्दीत गावे आहेत, जवाची शेते आहेत, गुंफा म्हणजे बौद्ध मठ आहेत आणि ही माणसे तेथे उद्यान होण्याच्या कितीतरी आधीपासून राहत आली आहेत.

पूर्वी चिलिंगजवळ झंस्कार नदी तारेवरून सरकणाऱ्या पाळण्यात बसून ओलांडावी लागे. पुढे पूल झाला, त्यामागून रस्ता आला आणि आज गाडी थेट स्कियू गावापर्यंत पोहोचते. त्यामुळे स्कियू, मार्खा, हांकर, निमलिंग आणि पाचव्या दिवशी कोंगमारू ला (‘ला’ म्हणजे खिंड) ओलांडून चोकदो, असा चार रात्रींचा कार्यक्रम सर्रास विकला जातो. काही जण तर त्यातूनही एक रात्र कमी करतात.

आता मुक्कामांची उंची पाहा. स्कियू सुमारे ३,४०० मीटर, मार्खा ३,८००, हांकर ४,०००. इथपर्यंत सारे ठीक आहे, कारण चढण सावकाश वाढते. परंतु हांकरनंतरचा मुक्काम एकदम निमलिंगला, म्हणजे सुमारे ४,७५० मीटरवर होतो. एका दिवसात झोपण्याची उंची ७५० मीटरने वाढते आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी सुमारे ५,२०० मीटर उंचीची खिंड चढायची असते. हांकर आणि निमलिंग यांच्या मध्ये थाचुंगत्से नावाची, साधारण ४,२५० मीटरवरची कुरणाची जागा आहे. तेथे किमान एक आणि शक्य असल्यास दोन रात्री राहिल्याशिवाय निमलिंगला जाऊ नये, एवढेच मला या धाग्यात आग्रहाने मांडायचे आहे.

गोदाकाठची :

नमस्कार दादा. आम्ही गंगापूर रोड परिसरातील सहा मैत्रिणी येत्या ऑगस्टच्या अखेरीस मार्खा खोऱ्यात जात आहोत आणि आमचा आराखडा नेमका आपण वर्णन केला आहे तसाच आहे. आम्ही सर्वजणी रोज पहाटे पांडवलेणीच्या पायऱ्या चढतो; हरिहर, साल्हेर आणि रतनगड अनेकदा केले आहेत, तर दोघींनी अलंग-मदन-कुलंगही पूर्ण केले आहे. दमसास चांगला असताना ही एक-दोन रात्रींची वाढ खरोखर इतकी आवश्यक आहे का? नोकरीतील रजा वाढवून मिळणे आम्हां सर्वांनाच अवघड आहे, म्हणून विचारते.

भूलतज्ज्ञ :

ताई, आपला प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचे उत्तर बहुतेकांच्या अपेक्षेच्या उलट आहे. सह्याद्रीतील सरावाने पायांची ताकद आणि दमसास वाढतो. परंतु उंचीच्या त्रासापासून त्याने संरक्षण मिळत नाही. कळसूबाईची उंची १,६४६ मीटर आहे आणि उंचीचा त्रास साधारणपणे २,५०० मीटरच्या पुढे सुरू होतो, म्हणजे महाराष्ट्रातील कोणत्याही शिखरावर या गोष्टीचा सराव होऊच शकत नाही. किंबहुना तंदुरुस्त व्यक्ती भराभर चालून लवकर वर पोहोचतात आणि डोके दुखत असूनही चालत राहतात, त्यामुळे त्यांना त्रास होण्याची शक्यता वाढते.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. लेहच्या ३,५०० मीटरवर हवेचा दाब, आणि म्हणून प्रत्येक श्वासातील प्राणवायू, समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश उरतो. कोंगमारू ला येथे तो निम्म्याहून किंचित अधिक असतो. शरीर यावर उपाय करते: श्वास वाढतो, मूत्रपिंडे रक्तातील क्षारांचे संतुलन बदलतात, पुढे तांबड्या पेशींची निर्मिती वाढते. परंतु या क्रियांना तास नव्हे, दिवस लागतात आणि त्यांचा वेग कोणत्याही व्यायामाने वाढवता येत नाही.

जगभरातील डॉक्टर जो नियम सांगतात तो असा: ३,००० मीटरच्या वर गेल्यानंतर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन ते चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर अधिकची काढावी. दिवसा त्याहून वर जाऊन खाली झोपायला येणे चांगलेच. हांकरहून थेट निमलिंगला जाणे हा नियम स्पष्टपणे मोडते.

डोकेदुखीबरोबर मळमळ, चक्कर किंवा विलक्षण थकवा असेल तर तो उंचीचाच त्रास आहे, असे मानून चालावे आणि लक्षणे जाईपर्यंत वर जाऊ नये. विश्रांती घेत असतानाही धाप लागणे आणि खोकला येणे हे फुप्फुसांत पाणी साठू लागल्याचे चिन्ह असते. सरळ रेषेत एका पायाच्या बोटांना दुसऱ्या पायाची टाच लावून चालता न येणे, असंबद्ध बोलणे ही मेंदूला सूज येत असल्याची लक्षणे आहेत. या दोन्ही अवस्थांत खाली उतरणे हाच खरा उपचार आहे आणि तो रात्रीही लांबणीवर टाकू नये. अॅसिटाझोलामाइड, म्हणजे आपण ज्याला डायमॉक्स म्हणतो ते औषध, प्रतिबंधासाठी सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढणीच्या आदल्या दिवसापासून घेतले जाते. ते शरीराच्या जुळवून घेण्याला मदत करते. परंतु मुक्काम गाळण्याचा परवाना देत नाही. सल्फा औषधांची अॅलर्जी, मूत्रपिंडाचे विकार किंवा गर्भारपण असल्यास आपल्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज ते मुळीच घेऊ नये.

बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरविषयी अनेक जण विचारतात. त्यावरील आकडा थंड बोटांमुळे चुकू शकतो. शिवाय उत्तम आकडा असणाऱ्यांनाही त्रास होतो. माणसाची तक्रार आधी ऐकावी, आकडा नंतर पाहावा.

सातमाळा :

मला थोडे वेगळे मत मांडायचे आहे. आमच्या गटाने मार्खा खोरे चार रात्रींतच पूर्ण केले, कोणालाही डोकेदुखीपलीकडे काही झाले नाही आणि आमच्याबरोबर त्या वाटेवर असलेले इतर गटही सुखरूप पोहोचले. इतकी भीती घातली, तर ज्यांना मोजकीच रजा मिळते अशी सामान्य माणसे तिकडे कधी जाणारच नाहीत. तसेच रस्त्याबद्दल आपण ज्या सुरात लिहिले आहे तो मला पटला नाही. तेथील गावकऱ्यांना दवाखान्यात जाण्यासाठी, शाळेसाठी, बाजारासाठी रस्ता हवा असेल, तर आपल्यासारख्या पाहुण्यांनी त्याविषयी खंत का करावी?

अंजनेरीचा वाटसरू :

रस्त्याविषयीचा आपला मुद्दा मला पूर्णपणे मान्य आहे. गावकऱ्यांचा तो हक्क आहे आणि हिवाळ्यात एखादी बाळंतीण अडल्यास त्या रस्त्याचे मोल काय असेल, याची कल्पना आपल्याकडील पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर राहणाऱ्या कोणालाही करता येईल. माझे म्हणणे एवढेच आहे की रस्त्यामुळे चालण्याचे जे दिवस कमी झाले, त्या दिवसांत शरीर उंचीशी जुळवून घेत असे. अंतर गाडीने कापले, तरी तो वेळ दुसरीकडे कोठेतरी भरून काढावाच लागतो.

आपला गट सुखरूप परतला याचा आनंद आहे आणि बहुतेक गट परततातच. परंतु निमलिंगला एखाद्याची प्रकृती बिघडली तर काय होते, याचा विचार नकाशा समोर ठेवून करावा. निमलिंग हे गाव नव्हे. कांग यात्से शिखराच्या पायथ्याचे ते उन्हाळी कुरण आहे, जेथे मेंढपाळ आपली जनावरे आणतात आणि हंगामात मार्खा खोऱ्यातील गावकरी तंबू उभारतात. तेथपर्यंत गाडी येत नाही. पुढे जायचे तर आजारी माणसाला आणखी साडेचारशे मीटर वर, खिंडीपर्यंत न्यावे लागते, म्हणजे उपचाराच्या नेमके उलट. मागे फिरायचे तर थाचुंगत्सेमार्गे हांकरपर्यंत घोड्यावरून उतरवावे लागते आणि वाटेतील प्रवाह दुपारनंतर हिमनद्यांच्या वितळलेल्या पाण्याने फुगलेले असतात. या सबंध वाटेवर शरीराने नकार देण्यासाठी निमलिंगइतकी गैरसोयीची दुसरी जागा नाही. थाचुंगत्सेला मात्र तोच नकार मिळाला, तर दोन-तीन तासांच्या सोप्या उताराने हांकर गाठता येते, तेथे पक्की घरे आहेत आणि मार्खाकडे आणखी खाली जाता येते. म्हणून शरीराची परीक्षा थाचुंगत्सेलाच व्हावी, असे मी म्हणतो.

शिवाय तो दिवस रिकामा जात नाही. सकाळी निमलिंगच्या वाटेने तीन-चारशे मीटर चढावे. वाटेत दोन लहान तळी लागतात आणि वारा नसेल तर सुमारे ६,४०० मीटर उंचीचे कांग यात्से त्यांत उमटलेले दिसते. उतारांवर भरल, म्हणजे निळ्या मेंढ्यांचे कळप चरताना दिसू शकतात. दुपारी खाली येऊन थाचुंगत्सेलाच झोपावे. घाईने जाणारे गट ही तळी मान खाली घालून, धापा टाकत ओलांडतात, याचे मला फार वाईट वाटते.

ताईंच्या रजेविषयी एक सूचना करतो. त्यांच्या आराखड्यात नुब्रा खोरे आणि पँगाँग सरोवर यांसाठी दिवस राखलेले असतील, तर या वेळी ते मार्खा खोऱ्याला द्यावेत. आणि लेहला पोहोचल्याच्या दुसऱ्या दिवशी गाडीने खारदुंग लाला जाऊन येण्याला सराव समजू नये. तेथे पंधरा मिनिटे उभे राहून शरीर काहीही शिकत नाही, उलट दमते. लेहमधील पहिले दोन दिवस बाजारापर्यंत सावकाश चालणे, पाणी पिणे आणि झोपणे, एवढेच करावे. मद्य आणि झोपेच्या गोळ्या टाळाव्यात. काही त्रास झाल्यास लेहच्या शासकीय सोनम नोर्बू स्मृती रुग्णालयातील डॉक्टरांना या आजाराचा मोठा अनुभव आहे.

निफाडचा द्राक्षवाला :

मी ट्रेकर नाही, द्राक्षबागायतदार आहे. पण मागच्या वर्षी मुलाबरोबर रुंबकला राहून आलो, म्हणून लिहितो आहे. आमच्याकडे गोदावरीच्या काठी उसात बिबट्या असतो आणि रात्री गोठ्यात शिरून शेळ्या मारतो, हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. रुंबकला ज्यांच्या घरी उतरलो होतो त्या आजोबांनी त्यांच्या बिबट्याची, म्हणजे हिमबिबट्याची, हकिगत सांगितली तेव्हा मला भाषा वेगळी वाटली, दुःख वेगळे वाटले नाही. दगडी कोंडवाड्यात एकदा शिरला की बिथरलेल्या मेंढ्या पळू शकत नाहीत आणि तो एका रात्रीत पोटाच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक जनावरे मारतो. ज्याचा सगळा कळप असा गेला, तो माणूस सूड घेणारच. तेथे कोंडवाड्यांवर लोखंडी जाळीचे छप्पर आणि घट्ट बसणारी दारे करून दिली गेली, तेव्हा हे थांबू लागले, असे आजोबा म्हणाले. आता ते हिमबिबट्याला गावाचे भूषण म्हणतात. त्या घरात पाहुण्यांकडून येणारा पैसा त्यांच्या सुनेच्या हाती जातो, हेही मी पाहिले. ज्यांना तंबू आणि घर यांत निवड करायची आहे त्यांनी घर निवडावे, अशी माझी विनंती आहे.

अंजनेरीचा वाटसरू :

काका, आपण लिहिलेत हे फार चांगले झाले, कारण उंचीच्या चर्चेत हा भाग सुटून गेला असता. लडाखमधील ही घरगुती मुक्कामाची पद्धत रुंबकपासून सुरू झाली. स्नो लेपर्ड कन्झर्व्हन्सी इंडिया ट्रस्टचे संस्थापक, दिवंगत रिंचेन वांगचुक यांचा तीत मोठा वाटा होता. गावातील घरांना पाहुणे आळीपाळीने दिले जातात, जेणेकरून एकाच घराची भरभराट होऊन इतरांच्या मनात कटुता राहू नये, आणि उत्पन्नाचा एक भाग गावाच्या संवर्धनाच्या कामासाठी बाजूला ठेवला जातो. जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे असावेत आणि त्यांपैकी ४७७ एकट्या लडाखमध्ये आहेत. हा प्राणी ज्या भूमीवर टिकला आहे तेथे माणसे आणि गुरेही राहतात, त्यामुळे त्या माणसांची मर्जी हीच त्याची सुरक्षितता आहे.

चालणाऱ्यांच्या सोयीच्या दृष्टीनेही घर तंबूपेक्षा सरस आहे. मातीच्या जाड भिंतींमुळे ऊब राहते, रजया मिळतात, रात्री थुक्पा (नूडल्सचे सूप) किंवा घरच्या भाज्या मिळतात, सकाळी खांबीर नावाची जाड भाकरी आणि लोणी-मिठाचा चहा मिळतो. शौचालये कोरडी असतात. त्यात पाणी ओतू नये, शेजारी ठेवलेली माती टाकावी, कारण त्याचेच खत शेतात जाते. बाटलीबंद पाणी विकत घेऊ नये. घरी उकळलेले पाणी मागून घ्यावे आणि आपले प्लास्टिक लेहपर्यंत परत आणावे.

ज्यांच्याकडे आणखी दोन-तीन दिवस असतील त्यांनी स्कियूला गाडीने जाण्याऐवजी झिंगचेनहून रुंबक, युरुत्से आणि सुमारे ४,९०० मीटर उंचीचा गांडा ला ओलांडून स्कियूला उतरावे. या वाटेने शरीर एकदा उंच जाऊन पुन्हा ३,४०० मीटरवर येते आणि निमलिंगसाठी उत्तम तयार होते. मार्खा खोऱ्याची ही जुनी पूर्ण वाट आहे आणि माझ्या मते आजही तीच सर्वांत चांगली आहे. मात्र तिच्या आधी लेहला आणखी एक-दोन रात्री काढणे आवश्यक आहे, कारण युरुत्सेचा मुक्कामच ४,१०० मीटरच्या वर आहे.

पंचवटी :

थंडी किती असते आणि कपडे काय न्यावेत, हेही कृपया कोणी लिहावे. निफाडला थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्या खाली जातो, तेवढीच आम्हांला सवय आहे.

अंजनेरीचा वाटसरू :

खोऱ्यात ऑगस्टमध्ये दुपारी ऊन अक्षरशः भाजते आणि रात्री स्वेटर पुरतो. निमलिंगला मात्र ऑगस्टच्या अखेरीसही पहाटे पारा शून्याजवळ किंवा त्याखाली जातो, तंबूंवर दव गोठते आणि सप्टेंबरमध्ये हिमवर्षाव होऊ शकतो. शरीराला चिकटून लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा थर असावा; सुती बनियन घामाने भिजते आणि वाळत नाही. त्यावर फ्लीस, पिसांचे जाकीट आणि सर्वांत वर वारा-पाऊस अडवणारे जाकीट ठेवावे. हातमोजे, कानटोपी आणि झोपताना घालायचे कोरडे मोजे वेगळे बांधून ठेवावेत. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावर दिलेल्या दोन आकड्यांपैकी आरामाचा आकडा पाहावा. टोकाचा आकडा केवळ जीव वाचण्यापुरता असतो. चांगला काळा चष्मा आणि सनस्क्रीन यांत काटकसर करू नये. प्रवाह ओलांडण्यासाठी पट्ट्यांच्या चपला न्याव्यात आणि ते ओलांडणे सकाळीच उरकावे. लेह पर्जन्यछायेत असले, तरी तेथे पाऊस होतच नाही असे समजू नये. ऑगस्ट २०१० च्या ढगफुटीत लेहमध्ये फार मोठी जीवितहानी झाली होती. ओढ्याच्या पात्रात तंबू कधीही लावू नये.

गोदाकाठची :

सर्वांचे मनापासून आभार. आम्ही नुब्रा आणि पँगाँग वगळले आहे. आता स्कियू, मार्खा, हांकर, थाचुंगत्सेला दोन रात्री, निमलिंग आणि त्यानंतर कोंगमारू ला, असा क्रम ठरवला आहे. गावांमध्ये घरीच राहू. दोघींना विमानाऐवजी रस्त्याने जायचे आहे. मनाली बरी की श्रीनगर?

भूलतज्ज्ञ :

श्रीनगर. मनालीच्या रस्त्यावर बरेच प्रवासी सरचूला, म्हणजे लेहहूनही उंच, सुमारे ४,३०० मीटरवर पहिलीच रात्र काढतात आणि तेथे अनेकांना त्रास होतो. श्रीनगर १,६०० मीटरच्या आसपास आहे आणि कारगिल सुमारे २,७००, त्यामुळे वाटेतील खिंडी उंच असल्या, तरी झोपण्याची उंची टप्प्याटप्प्याने वाढते. कारगिलला मुक्काम अवश्य करावा.

अंजनेरीचा वाटसरू :

मनमाडहून जम्मूपर्यंत झेलम एक्स्प्रेस आहे, तेथून श्रीनगरला जाता येईल. महाराष्ट्रातील प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, म्हणून सहा जणींपैकी किमान दोघींकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे पोस्टपेड सिम असू द्यावे. खोऱ्यात मात्र फोनवर विसंबून राहू नये. उद्यानाचे प्रवेश शुल्क आणि लेहमधील पर्यावरण शुल्क भरल्याच्या पावत्या जवळ ठेवाव्यात. सामानासाठी घोडा घेणार असाल, तर घोडेवाल्याला थाचुंगत्सेच्या दोन रात्री ठरवतानाच स्पष्ट सांगा आणि त्या दिवसाचे पैसे आधीच मान्य करा. नाहीतर चौथ्या दिवशी तो पुढे निघण्याची घाई करील आणि त्याच्या घाईने तुमचा मुक्काम हुकेल.